सील शाबूत आहे

रविवार, २४ ऑगस्ट २०२५. संध्याकाळी ६.४०

आज माझं नाक कापलं गेलं. ठिकाण: डांगे चौक, थेरगाव. वेळ: सकाळी अकरा दहा. साक्षीदार: बायकोच्या माहेरची झाडून सगळी माणसं, कारण आम्ही निघालो होतो त्याच साखरपुड्याला सगळी निघाली होती.

सिग्नलला थांबलो. तापमानाच्या मीटरची सुई लाल रेघेवर. बॉनेटमधून भसाभस वाफ. माझी क्रीम कलरची फियाट, ८४ चं मॉडेल, चौतीस वर्षं माझ्याकडे. मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं ते हिच्यातूनच. असली गाडी भर चौकात कुकरसारखी फुसफुसायला लागली. मागून हॉर्न. विजयश्री, म्हणजे माझी पत्नी, पदर नाकाला लावून फुटपाथवर जाऊन उभी राहिली. जणू आमची ओळखच नाही.

तेवढ्यात कोण यावं? उद्धवराव. विजयश्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर काळा चष्मा. रिक्षातून उतरले, टपरीवरून पाण्याच्या बाटल्या आणल्या, गाडी निवेपर्यंत थांबले, फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि पाणी ओतलं. इथपर्यंत ठीक. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, रंगराव, फायनल इन्स्पेक्शन ऱ्हायलं वाटतं!

सगळे हसले. साखरपुड्याचे गुरुजीसुद्धा हसले. सर्वांत जास्त विजयश्री हसली.

हे साधं वाक्य नाही. आम्ही दोघं एकतीस वर्षं एकाच कंपनीत होतो. मी क्वालिटीत इन्स्पेक्टर, ते मेंटेनन्सला फिटर. त्यांच्या खात्याची किती कामं मी लाल टॅग बांधून परत पाठवली याची गणती नाही. हा त्याचा सूड आहे. रिटायर होऊन तीन वर्षं झाल्यावर घेतलाय. अशा माणसाला सोडायचं नसतं.

निश्चय: गाडी का तापली ते शोधणार. कुणी तापवली ते शोधणार. दोन्ही तपास एकाच घरी जाऊन थांबतील असं आत्ताच वाटतंय.


सोमवार, २५ ऑगस्ट. सकाळी ७.३०

डोकं शांत. कंपनीत दोष सापडला की आम्ही पाच वेळा ‘का’ विचारायचो. पाचव्या ‘का’ला मूळ कारण हाती लागतं. शास्त्रीय पद्धत आहे.

गाडी का तापली? रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं. पाणी का नव्हतं? कुणीतरी काढलं. का काढलं? चारचौघांत माझी फजिती व्हावी म्हणून. कुणाला हवी होती? उद्धवरावांना.

तीन ‘का’ आणि एक ‘कोण’ एवढ्यातच आटोपलं. दोन ‘का’ शिल्लक राहिले. कंपनीतही माझं असंच व्हायचं, तपास मेंटेनन्सच्या दारात लवकर पोचायचा.

८.१५. रेडिएटर काठोकाठ भरला. विजयश्रीला साक्षीला उभं केलं. (गॅसवर दूध होतं म्हणून ती पूर्ण वेळ थांबली नाही. तरी ग्राह्य.) झाकण घट्ट लावून त्याला तार गुंडाळली आणि शिशाचं सील मारलं, विजेच्या मीटरला असतं तसं. वर हिरवा स्टिकर. तपासले, ओके, सही, तारीख. या स्टिकरचा अख्खा रोल निरोपसमारंभाच्या दिवशी घरी आणला होता. विजयश्री तेव्हा म्हणाली होती, अहो, ह्याचं घरात काय करणार? आज तिला उत्तर मिळालं.

आता हे सील कुणीही तोडायचं नाही. मीसुद्धा नाही. सील तुटलं की पुरावा संपला. एकतीस वर्षांचा अनुभव सांगतो, सील शाबूत तर आतला माल शाबूत.


मंगळवार, २६ ऑगस्ट

सोसायटीत कॅमेऱ्याचं महिनाभराचं फुटेज राहतं. वॉचमन सावळारामला शेजारी बसवून दोन तास पाहिलं. तो तीनदा डुलकला. मी नाही.

रविवार २७ जुलै, ११ वाजून २२ मिनिटं. सापडलं! उद्धवराव माझ्या गाडीचं बॉनेट उघडतायत. पाठमोरे. हातात पांढरं, बाटलीसारखं काहीतरी. तीन मिनिटं वाकलेले. मग बॉनेट बंद, हात पँटला पुसले, स्कूटर चालू. त्याआधी आमच्याकडे दोन कप चहा आणि पोहे खाऊन झाले होते. वरून लिंबू मागून घेतलं होतं, मला आठवतंय. पोहे खाऊन खाली उतरायचं आणि थेट गाडीला हात घालायचा!

सावळाराम म्हणाला, साहेब, ते तर दर रविवारी उघडतात. मी म्हटलं, दर रविवारी? तो म्हणाला, हो, मला वाटलं तुमच्या माहितीत असंल.

म्हणजे सराईत. आता गंमत बघा. ऑगस्टचे तीन रविवार उद्धवराव ऑपरेशनमुळे आलेच नाहीत, आणि गाडी नेमकी त्यानंतर तापली. घटनेच्या काळात आपण तिकडे फिरकलोच नाही असं दाखवायची सोय आधी करून ठेवली. त्यासाठी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. केवढी ही तयारी.

स्क्रीनचा फोटो काढला. मोठा प्रिंट. लॅमिनेट करणार.


गुरुवार, २८ ऑगस्ट

गणपती काल बसले. मोदक खाता खाता विजयश्रीची चौकशी केली. तिच्या म्हणण्याप्रमाणे दाजी दर रविवारी निघताना पाण्याची बाटली भरून मागून नेतात. कशाला, हे तिने तीन वर्षांत विचारलं नाही. तिला वाटलं, त्यांचं गाव कुरुळी, लांब आहे, वाटेत तहान लागत असेल.

म्हणजे हत्यारही आमच्याच घरचं. यापुढे बाटली बंद.


रविवार, ३१ ऑगस्ट. दुपारी १२

उद्धवराव आले. चष्मा गेला, डोळा छान दिसतोय. पोहे खाल्ले. निघताना बाटली मागितली. विजयश्रीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाटल्या घासायला पडल्यात. ते म्हणाले, बरं, आसू द्या.

मी लगेच बाल्कनीत. खाली जाऊन त्यांनी बॉनेट उघडलंच! वाकून बघितलं. तार हाताने हलवून बघितली. मग मान वर करून ओरडले, रंगराव, झाकनाला ह्ये काय बांधलंय? उघडायचं कसं?

मी वरून म्हटलं, उघडायचं नाही. तपासलेलं आहे.

त्यांनी बॉनेट बंद केलं. म्हणाले, बरं. तुमची गाडी हाय राव. स्कूटरला किक मारली आणि गेले.

चेहरा पडला होता. रंगेहाथ सापडलेल्या माणसाचा पडतो तसाच. आजचा दिवस माझा. दुपारी गाढ झोप लागली.


सोमवार, १ सप्टेंबर

गौरीच्या जेवणाला कुरुळीला साडूंकडे. गाडी तपासाखाली असल्याने दोन बस बदलून गेलो. अठरा माणसं. पुरणपोळी, कटाची आमटी, आणि दारात त्यांची जुनी जीप. आमची ही जीप कंदी तापली न्हाई बाई, असं सुमनताई (विजयश्रीची बहीण, उद्धवरावांच्या मंडळी) एका जेवणात तीनदा म्हणाल्या.

तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. पानावरून उठलो आणि जाहीर केलं. दसऱ्याच्या दिवशी चिंचवडहून कुरुळीला माझी गाडी न थांबता घेऊन येईन. मीटरची सुई अर्ध्याच्या वर गेली, तर गाडीची किल्ली उद्धवरावांच्या हातात. गाडी त्यांची. नाही गेली, तर उद्धवरावांनी इथेच, सगळ्यांसमोर, काय काय केलं ते कबूल करायचं.

उद्धवराव म्हणाले, बरं बरं. आगं, रंगरावांना अजून एक पोळी वाढ.

विषय बदलला. घाबरले.

 परतीच्या बसमध्ये मोशी गेल्यावर विजयश्री म्हणाली, दुसऱ्या कशावरही पैज लावायची होती. ती गाडी द्यायची नाही हं. माझ्या आयुष्याचे सगळे चांगले दिवस त्या गाडीतून आलेत. मी म्हटलं, जाणारच नाही. ती म्हणाली, मग आधी पाणी तर बघा. मी सीलची गोष्ट पुन्हा समजावली. तिने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

आज वहीत लिहितो, कारण तिला सांगणार नाही: गाडी गेली तर मला सहन होणार नाही. म्हणून तर जिंकायचंय.


रविवार, ७ सप्टेंबर

टेस्ट क्रमांक एक. चिंचवड ते निगडी. परतताना सुई पाऊण. कारण: फॅन बेल्ट सैल. ताणला. शिवाय काल विसर्जन, रस्त्यावर गुलाल. गुलाल रेडिएटरच्या जाळीत गेला असणार.

उद्धवराव येऊन गेले. गाडीकडे फिरकले नाहीत. पोहे नको म्हणाले, नुसता चहा. मनात पाप असलं की भूक जाते.


मंगळवार, ९ सप्टेंबर

पिंटूचं गॅरेज. पिंटू वीस वर्षांपासून माझा मेकॅनिक. बॉनेट उघडल्या उघडल्या म्हणाला, साहेब, झाकण उघडा, पाणी बघू. मी सील दाखवलं. म्हणाला, मग मी काय बघू? मी म्हटलं, बाकीचं सगळं.

मग त्याने बाकीचं सगळं बघितलं. फॅन, बेल्ट, प्लग, कार्ब्युरेटर, ऑइल. जाळी हवेने साफ केली. (गुलाल निघाला नाही. उडून गेला असेल.) सगळं ओके. मी निघालो तसा मागून आला आणि म्हणाला, साहेब, एक सांगू का, एकदा पाणी... मी हात वर करून थांबवला. मेकॅनिक लोकांची हीच अडचण. एका मुद्द्याला चिकटतात. सगळ्या बाजूंनी विचार करायची शिस्त नाही.

घरी येताना लक्षात आलं: उद्धवरावांची जीपही पिंटूकडेच असते. हाही सामील. गॅरेज बदलणार. दसऱ्यानंतर.


रविवार, १४ सप्टेंबर

विजयश्रीला सांगून ठेवलं होतं, आले तर मी घरी नाही. बेल वाजली तेव्हा मी बाथरूमच्या दारामागे. उद्धवरावांचा आवाज: गेलेत व्हय? गाडी तर खाली हाय. विजयश्री म्हणाली, चालत गेलेत. ते म्हणाले, बरं हाय, चालायला पायजे.

शेवग्याच्या शेंगांची पिशवी ठेवून गेले, स्वतःच्या शेतातल्या. ही उघड उघड लाच आहे. परत पाठवणार होतो, पण विजयश्रीने तोवर आमटी केली होती. आमटी चांगली झाली होती. त्याचा तपासावर परिणाम होऊ दिला नाही.


मंगळवार, १६ सप्टेंबर

नवीन निरीक्षण. सकाळी गाडीखाली ओल. तीन दिवस रोज. जागा तीच, बेल्टच्या खाली. ट्रे ठेवला.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

ट्रेमध्ये रोज सरासरी दीडशे मिली. आलेख काढला. इतकी सुंदर सरळ रेघ मी नोकरीत असताना एकाही प्रोसेसची पाहिली नव्हती.

प्रश्न: पाणी कुठलं? रेडिएटरचं असू शकत नाही, सील शाबूत आहे. सकाळी स्वतः बघितलं. म्हणजे बाहेरून येतंय. वरच्या मजल्यावरचा एसी. धनेश, आयटीवाला, भाड्याने राहतो. त्याला जाऊन सुनावलं. तो म्हणाला, काका, जूनपासून एसी लावलाच नाही, आणि माझी बाल्कनी पलीकडच्या बाजूला आहे. नजर मिळवत नव्हता. सोसायटीकडे लेखी तक्रार दिली. आलेखाची झेरॉक्स जोडली.


रविवार, २१ सप्टेंबर

टेस्ट क्रमांक दोन. नाशिक फाट्यापर्यंतच पोचलो. सुई लाल. चाळीस मिनिटं रस्त्याच्या कडेला. शेजारी शहाळेवाला. तो म्हणाला, दादा, पानी टाका ना. या शहरात प्रत्येकजण मेकॅनिक आहे.

बसल्या बसल्या उलगडा झाला. गाडी तापतच नाहीये. मीटर खोटा दाखवतोय. इतके दिवस आपण गाडीवर संशय घेतला, काट्यावर घ्यायला हवा होता. मोजायचं साधनच चुकीचं असेल तर मोजणाऱ्याचा काय दोष?

उद्या घट बसतायत. पितृपक्ष संपला की नवा मीटर.

उद्धवराव आज आले नाहीत. बरं झालं.


बुधवार, २४ सप्टेंबर

नवा मीटर बसवला. वायर मी स्वतः जोडली. पिंपरीच्या बाजारापर्यंत जाऊन आलो. जुन्याने दाखवलं असतं तेच दाखवतो. दोन्ही मीटर एकाच लॉटचे असणार.


शनिवार, २७ सप्टेंबर

मोठा शोध! काटा सरळ समोरून बघायचा असतो. तिरकं बघितलं तर रीडिंग चुकतं, शाळेत शिकवलेलं. आपण सीटवर डावीकडे कललेले असतो. थोडं उजवीकडे सरकून, मान खिडकीशी नेऊन बघितलं, तर पाऊण वाटणारी सुई बरोबर अर्ध्यावर येते. चार वेळा तपासलं. चारही वेळा आली. गेल्या महिनाभराच्या चिंतेचं कारण माझी बसण्याची पद्धत होती.

मानेला अवघडल्यासारखं होतं, पण पंधरा-सतरा किलोमीटरचाच प्रश्न आहे.


मंगळवार, ३० सप्टेंबर

सुडाची तयारी पूर्ण. पिशवीत: लॅमिनेट केलेला फोटो. एक लाल टॅग, त्यावर लिहिलंय, ‘नापास. कारण: विश्वासघात.’ जेवणं झाली की उभा राहणार, फोटो फिरवणार, उद्धवरावांना कबुली द्यायला लावणार आणि टॅग त्यांच्या शर्टाच्या बटणाला स्वतःच्या हाताने बांधणार. बांधताना काही बोलायचं नाही. त्यांच्या डोळ्यांत बघायचं. ज्याचं ऑपरेशन झालंय त्या डोळ्यात.

आरशासमोर दोनदा करून बघितलं. विजयश्री दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. म्हणाली, दोन रविवार झाले दाजी आले नाहीत, तुम्हाला काहीच वाटत नाही का? मी म्हटलं, वाटतं. समाधान.


बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

पाने, व्हर्नियर, मायक्रोमीटर पाटावर मांडले. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. सीललाही हळदकुंकू वाहिलं. सदतीस दिवस शाबूत. तार जशीच्या तशी, शिशावरचा शिक्का स्पष्ट. खरं सांगतो, डोळे भरून आले.


गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. सकाळी ८.३०

निघतोय. विजयश्री पैठणी नेसून गाडीत बसली आहे. तिच्या हातात आपट्याची पानं, माझ्या हातात पिशवी. आज कुणाला सोडणार नाही.


त्याच दिवशी. संध्याकाळी ७

जे झालं ते क्रमाने लिहितो.

भोसरीपर्यंत सुई पाऊण, म्हणजे योग्य पद्धतीने बघितल्यास अर्धी. विजयश्री म्हणाली, मानेला काय झालं? पुढे सुई आणखी वर चढली. मी खिडकीतून जवळजवळ बाहेर गेलो होतो. आणि मोशीच्या पुलावर चमत्कार झाला. सुई थरथरली आणि खाली आली. अर्ध्यावर, मग पावावर, मग पार तळाला! इतकी गार माझी गाडी इंजिन कोरं असतानाही नसेल. मी स्टिअरिंगवर हात आपटला. विजयश्रीला म्हटलं, बघ! महिनाभर सगळे पाणी पाणी करत होते, बघ!

ती म्हणाली, अहो, जळका वास येतोय. मी म्हटलं, कंपन्यांचा एरिया आहे. ती म्हणाली, आज कंपन्यांना सुट्टी आहे.

चिंबळी फाट्याच्या अलीकडे इंजिनातून ठकठक. मग जोरात ठकठक. मग एक आवाज, जो मी कधी ऐकला नव्हता आणि परत ऐकायची इच्छा नाही. गाडी थांबली ती थांबलीच. स्टार्टर मारला तर हूं नाही की चूं नाही.

बॉनेट उघडलं. वाफसुद्धा नव्हती. विजयश्री म्हणाली, वाफेलाही पाणी लागतं.

शेजारून हार घातलेले ट्रक जात होते. मी थांबवायच्या आत तिने बहिणीला फोन लावला. वीस मिनिटांत उद्धवराव जीप घेऊन हजर. मी पुढे होऊन आधीच सांगितलं, गाडी बंद पडली तेव्हा सुई अर्ध्याच्या खाली होती, विजयश्री साक्षीदार आहे. त्यांनी ऐकल्यासारखं केलं. पक्कड काढली आणि तार तोडली. मी ओरडलो. त्यांनी झाकण उघडून बोट आत घातलं. बाहेर काढून मला दाखवलं. बोट कोरडं होतं.

म्हणाले, थेंब न्हाई ह्यात. पानीच न्हाई म्हटल्यावर सुई काय दावनार, पडली खाली.

मी म्हटलं, शक्य नाही. सील होतं. ते म्हणाले, सील वर हुतं रंगराव, पंप खाली गळतोय. तीन वर्स झाली. आठवड्याला बाटलीभर जातं. मी रविवारी आलो की वतून जायचो.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? ते तार गुंडाळत होते. म्हणाले, एकदा सांगितलं हुतं. तुमी म्हनालात, मेंटेनन्सवाल्यानं मला शिकवू नये. मंग म्हटलं, कशाला वाद. बाटलीभर पान्याचा तर प्रश्न हाय.

असं मी म्हणालो असेन. मला आठवत नाही. पण असं मी म्हणू शकतो.

लॅमिनेट केलेला फोटो माझ्या हातात होता. कधी काढला कुणास ठाऊक. विजयश्रीने तो घेतला, बघितला आणि पिशवीत टाकला.  


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल लिहायचं राहिलं ते.

गाडी जीपच्या मागे बांधून कुरुळीला नेली. अठरा माणसांनी बघितली. एकही हसला नाही. डांगे चौकातलं हसणं परवडलं असतं.

जेवणं झाली. मी ठरवल्याप्रमाणे उभा राहिलो. लाल टॅग खिशातच राहू दिला. किल्ली काढली आणि उद्धवरावांच्या समोर ठेवली.  चौतीस वर्षं ती किल्ली माझ्या खिशात आहे.

उद्धवराव म्हणाले, ही कशाला?

मी म्हटलं, पैज.

ते म्हणाले, कसली पैज?

मी सगळ्यांकडे बघितलं. कुणालाच आठवत नव्हतं. सुमनताईंनी आठवायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, गौरीच्या जेवनात तुमी उभं ऱ्हाऊन कायतरी बोललात खरं, पोळ्या गार झाल्या हुत्या. त्यापलीकडे काही नाही.

म्हणजे सदतीस-अडतीस दिवस मी लढत होतो आणि समोर कुणी नव्हतं. शत्रू म्हणून ज्याला धरलं तो माणूस शेवग्याच्या शेंगा घेऊन दारात उभा होता आणि मी बाथरूमच्या दारामागे.

उद्धवरावांनी किल्ली उचलली, पण वेगळ्याच कारणाने. म्हणाले, गाडी ठिवा हितंच, इंजिनाचं हेड उतरवावं लागंल. आज सकाळी ट्रेचा आलेख काढून बघितला. रोजचे दीडशे मिली, आठवड्याचा एक लिटर. एक बाटली. सरळ रेघ होती. फाडला नाही, वहीत ठेवलाय.


रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी ११.५०

खालची पार्किंगची जागा रिकामी. ओल वाळली.

विजयश्रीने आज नाश्ता उशिरा केला. अकराला मी म्हटलं, थांबूया थोडं. ती म्हणाली, कशासाठी? गाडी तिकडे आहे, दाजी इकडे कशाला येतील? मला हे सुचलं नव्हतं.

सव्वाअकराला फोन केला. तांत्रिक चौकशीसाठी. उद्धवराव म्हणाले, हेड वाकलंय, पिस्टन धरलेत, दीड-दोन म्हैनं लागत्याल, करू निवांत. मग मी म्हटलं, पुढच्या रविवारी तिकडे येईन म्हणतो.

ते म्हणाले, काय तपासायचंय का?

मी बरंच काही सांगू शकलो असतो. एवढं मोठं काम, कुणीतरी जबाबदार माणूस जागेवर हवा, नोंदी ठेवायला हव्यात. तोंडाशी आलंही होतं. मी म्हटलं, नाही. सहज.

  ते म्हणाले, या की.

पहिली बस साडेसातला आहे.